खा ना, बाबा!

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे तिने दोनदा लिहिले आहे, तेव्हा ते राहू दे. तिचे वडील ६३ वर्षांचे. तीस वर्षे तंबाखूची सवय, आणि आता गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले. आता रेडिएशन चालू आहे. सोमवार ते शुक्रवार असे ३० दिवस, म्हणजे सहा आठवडे, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमोथेरपीचे औषध. वडील मुलाकडे, म्हणजे या भगिनीच्या भावाकडे राहतात. ही सासरी, दोन तासांच्या अंतरावर. दर रविवारी डबा भरून माहेरी जाते. कधी बदामाचा शिरा, कधी डिंकाचे लाडू, कधी टोमॅटोचे सार.

मागच्या रविवारी वडिलांनी वाटी हाताने दूर सारली. ही मागे लागली, "खा ना बाबा, माझ्यासाठी दोन घास." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. हिच्याही आले. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला म्हणाली, "तुम्ही त्यांना नीट भरवतच नाही." वहिनी काही बोलली नाही. त्यानंतर दोघींचे बोलणे तुटक झाले आहे, आणि पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, "बाबांनी जेवावं म्हणून मी काय करू?"

मैत्रिणींनो, अशी पत्रे मला नवीन नाहीत. कुठे वडील, कुठे सासरे, कुठे मालक. म्हणून आज या सदरात नेहमीची पाककृती बाजूला ठेवून याच प्रश्नाबद्दल लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे यात वहिनीचा दोष नाही आणि शिऱ्याचाही नाही. रेडिएशनला आपल्याकडे कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट घेणे' म्हणतात. घेताना काहीही दुखत नाही, क्ष-किरणांचा फोटो काढावा तसेच. पण कॅन्सरच्या पेशी भराभर वाढणाऱ्या असतात, आणि या किरणांचा मारा भराभर वाढणाऱ्या पेशींवर अधिक होतो. आपल्या तोंडाच्या आतले नाजूक अस्तरही असेच सारखे झिजत आणि सारखे नवे होत असते. तेव्हा सुक्याबरोबर ओलेही जळते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते. आपल्याला एक उष्णतेचा फोड आला तरी आपण दोन दिवस वरण-भातावर काढतो. इथे सगळे तोंड आणि घसा सोललेला असतो. त्यात लाळेच्या ग्रंथी कोरड्या पडतात, उरलेली लाळ गोंदासारखी चिकट होते, आणि जिभेची चव जाते. तुम्ही साजूक तुपात परतलेला शिरा त्या जिभेला लाकडाच्या भुशासारखा लागतो. टोमॅटोचे सार तर नुसती आग. बाबा हट्ट करीत नाहीत हो, त्यांना खाता येत नाही.

हे एकदा समजले की "दोन घास माझ्यासाठी" हे वाक्य आपोआप बंद व्हावे. ते प्रेमाचे वाक्य आहे खरे, पण ऐकणाऱ्याला ते असे ऐकू येते की आपण जेवत नाही म्हणजे लेकीला दुखावतो आहोत. आधीच तोंडात आग, त्यात हा अपराध.

पण म्हणून खाणे सोडून देऊन चालेल का? मुळीच नाही, आणि याचे कारण पुष्कळ घरांत कोणी सांगितलेलेच नसते. तोंडाच्या आणि घशाच्या रेडिएशनसाठी रोग्याच्या चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीदार साचा करतात. रोज तो साचा चेहऱ्यावर बसवून टेबलाला पक्का करतात, म्हणजे मान जराही हलत नाही आणि किरण नेमके ठरल्या जागीच पडतात. वजन उतरले, गाल बसले, की साचा सैल होतो आणि कधी कधी नव्याने करावा लागतो. शिवाय अशक्तपणा फार झाला तर मधले दिवस बुडतात, आणि मधे खंड पडणे या उपचाराला मानवत नाही, त्याचा गुण कमी होतो. तेव्हा वजन टिकवणे हा औषधाचाच भाग आहे. घरात वजनकाटा नसेल तर आणा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आठवड्याच्या तपासणीला तो आकडा डॉक्टरांना सांगा. रोज रोज काट्यावर उभे करू नका, त्याने फक्त घरभर चिंता पसरते.

आता स्वयंपाकघरात येऊ. आधी तोंड, मग अन्न. जेवणाआधी तोंड बधिर करणारे औषध किंवा दुखणे कमी होण्याचे औषध डॉक्टरांनी दिले असेल तर ते आधी द्यायचे, किती आधी ते त्यांनाच विचारून घ्यायचे, आणि मगच पान वाढायचे. पुष्कळ घरांत औषध जेवणानंतर देतात आणि मग म्हणतात, गुण येत नाही. कोमट पाण्याच्या मोठ्या भांड्यात, लिटरभर पाणी धरा, एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा विरघळवून ठेवावा. त्याने दिवसातून सहा-आठ वेळा हलकेच चूळ भरायची, खाण्याआधी आणि खाल्ल्यावर तर हमखास. रोज नवे पाणी करावे. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत. दात घासायला लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश.

अन्न मऊ, ओले आणि कोमट किंवा गारसर हवे. वाफाळते नको. गुरगुट्या भात, मुगाचे कढण, नाचणीच्या सत्त्वाची खीर, रव्याची पातळ खीर, शिकरण, मिरचीविना पातळ पिठले, वरणात कुस्करून भिजवलेली पोळी मिक्सरमधून काढून. अंडे चालत असेल तर मऊ उकडून दुधात घोटून द्या, नाहीतर कस्टर्ड. पनीर, गोड दही, शेंगदाणे भिजवून गंधासारखे वाटून खिरीत. हे सगळे ताकदीचे पदार्थ आहेत, आणि या दिवसांत अंग भरून निघायला डाळी, दूध, अंडी यांचीच गरज असते. नुसती तांदळाची पेज आणि नारळपाणी यांवर माणूस टिकत नाही. तूप, साय, लोणी सढळ हाताने घाला. तेवढ्याच चार चमच्यांत जास्त पोषण जाते. लिंबू, चिंच, टोमॅटो, आंबट ताक, मिरची, मिरपूड, कुरडया-पापडासारखे टोकदार काही, हे सगळे तोंड बरे होईपर्यंत फळीवरच. मेतकूट-भाताची आठवण काढतील, पण तेही झोंबते, जरा थांबा. डिंकाचे लाडू तुम्ही खा, तुम्हालाही बाळंतिणीइतकीच ताकद लागते आहे.

मोठे ताट समोर ठेवू नये. ताट पाहूनच माणूस दमतो. दर दोन तासांनी एक लहान वाटी, असे दिवसातून सात-आठ वेळा. केमोच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस फोडणीच्या वासानेही मळमळते, तेव्हा त्या दिवशी घरच्यांचा स्वयंपाक ते झोपलेले असताना उरकावा. तोंडाला लोखंडाची चव येते अशी तक्रार असेल तर स्टीलचा चमचा काढून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा द्या, आणि पाणी काचेच्या पेल्यातून. उलटीची गोळी उलटी झाल्यावर द्यायची नसते, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला द्यायची असते. पाणी भरपूर जायला हवे, कारण या उपचारात पुष्कळदा वापरतात ते औषध मूत्रपिंडावर ताण देते. लघवी कमी झाली, कानात गुणगुण सुरू झाली, तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता कळवा.

एवढे करूनही पोटात पुरेसे जात नसेल तर डॉक्टर नाकातून पोटापर्यंत नळी घालू म्हणतील. इथे घरात रडारड होते. "आता नळीवर आले" असे पाहुणे कुजबुजतात. मैत्रिणींनो, ही नळी म्हणजे शेवट नव्हे. तोंडाला विश्रांती मिळावी म्हणून काही आठवडे काढलेली ती पळवाट आहे. काम झाले की ती काढतात. नळीवाटे द्यायचे ते चांगले वाटून गाळलेले हवे, गुठळी अडकली तर नळी बंद पडते. दर दोन-अडीच तासांनी साधारण कपभर, आणि प्रत्येक वेळी आधी-नंतर थोडे कोमट पाणी. देताना आणि दिल्यावर तासभर माणूस बसता किंवा पाठीला उशा लावून उंच ठेवायचा, आडवा करायचा नाही. मधेच खोकला लागला तर तिथेच थांबायचे. नळी निसटली तर ती घरी परत ढकलण्याचा प्रयत्न कोणीही, अगदी शेजारच्या नर्सबाईंच्या भाच्यानेही, करू नये. दवाखान्यात जावे. नळी घातली त्याच दिवशी तिथल्या सिस्टरकडून तुम्ही आणि घरातल्या आणखी एकाने हे हाताने करून शिकून घ्या. एकच जण शिकला तर तो आजारी पडायची सोय राहत नाही.

पाहुण्यांवरून आठवले. या काळात घरी येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो. कोणी गव्हांकुराचा रस, कोणी अमक्या गावच्या महाराजांची मुळी, कोणी म्हणतो साखर बंद करा, साखरेवर कॅन्सर पोसतो. आधीच चार चमचे खाणाऱ्या माणसाची खीरही मग अळणी होते आणि वजन आणखी उतरते. मधुमेह असेल तर डॉक्टर सांगतील तसे करा, नसेल तर खिरीत साखर घाला. मुळ्या आणि काढ्यांबद्दल मी एवढेच म्हणेन की जे काही द्यायचे मनात असेल ते पुडीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. काही वनस्पती यकृताला त्रास देतात, काहींमुळे चालू औषधाचे प्रमाण कमी-जास्त होते. लपवून दिले आणि त्रास झाला तर तो कशाचा हे डॉक्टरांना कळणार कसे?

मानेची कातडी काळवंडते, सोलते. आईचा जीव राहत नाही, ती हळद-तूप लावायला धावते. नको. तेल, पावडर, बाम, शेक, बर्फ, काही नको. डॉक्टर देतील तेवढेच मलम. दाढी साध्या वस्तऱ्याने करू नये. गळ्याशी मऊ, धुतलेले सुती कापड असावे, आणि उन्हात जाताना मान झाकावी. आणि ताप! केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा संसर्गही झपाट्याने वाढतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून दवाखाना गाठायचा. थर्मामीटर कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवे. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याला "बरं वाटल्यावर या" असे सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आता जरा नाजूक विषय. पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे, "वहिनीने बाबांचं ताट-वाटी वेगळं काढलं आहे." तोंड आलेल्या माणसाची भांडी स्वच्छतेसाठी उकळत्या पाण्यातून काढणे वेगळे, आणि घरादाराला लागू नये म्हणून वेगळी मांडणे वेगळे. कॅन्सर ताटा-वाटीतून लागत नाही, एका खोलीत झोपण्याने लागत नाही. रोज यंत्राखाली जाऊन आलेल्या माणसाच्या अंगात ते किरणही उरत नाहीत. तेव्हा नातू आजोबांच्या मांडीवर खुशाल बसू दे. वहिनीने कोणत्या कारणाने भांडी वेगळी काढली ते मला ठाऊक नाही. कदाचित बाबांना सोसेल अशी काचेची वाटी तिने मुद्दाम आणली असेल. विचारून पाहा, आरोप करून नको.

दुसरे नाजूक वाक्य असे की बाबांना आजाराचे नाव सांगितलेले नाही, 'साधी गाठ आहे' म्हणून सांगितले आहे. हे वाचून मला, खरे सांगते, वाईट वाटले. जो माणूस रोज कॅन्सर हॉस्पिटलच्या पाटीखालून आत जातो, बाकावर त्याच आजाराच्या माणसांशेजारी बसतो, तो काय निरक्षर आहे? त्याला कळलेले असते. तो तुमच्यासाठी गप्प असतो आणि तुम्ही त्याच्यासाठी. अशा घरात सगळे एकमेकांपासून तोंड लपवून रडतात आणि आजारी माणूस आपल्या भीतीबद्दल एक शब्दही कोणाशी बोलू शकत नाही. चेहऱ्यावर तो साचा बसवल्यावर खोलीतून सगळे बाहेर जातात आणि काही मिनिटे तो एकटा असतो. तेव्हा छातीत धडधडते, हे तरी त्याने कोणाला सांगायचे? सगळे एकदम ओतू नका. "बाबा, डॉक्टरांना काही विचारायचं आहे का तुम्हाला?" एवढे विचारा आणि गप्प बसा. ते विचारतील तेवढे खरे सांगा. विचारणार नाहीत, तर तोही त्यांचा अधिकार आहे.

कालपर्यंत घरातले सगळे त्यांना विचारून होत असे ना? मग आजारी पडल्यावर एकदम त्यांचा बाळ का होतो? विजेचे बिल, पासबुकातल्या नोंदी, गावच्या जमिनीचा कागद, नातवाची शाळा, यातले जे झेपेल ते त्यांच्याकडेच राहू द्या. बोलता येत नसेल तर उशाशी पाटी-पेन्सिल आणि एक छोटी घंटी ठेवा. आणि आज खिरीत वेलची घालायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या. भरवणे तर शक्यतो टाळाच. हात चालतो आहे तोवर चमचा त्यांच्या हातात असावा, मग अर्धी वाटी सांडली तरी चालेल.

राहता राहिली वहिनी. रविवारचा डबा घेऊन येणारी लेक सगळ्यांना दिसते. सोमवार ते शनिवार रोज आठ वाट्या वाटून, गाळून, धुऊन, चिकट लाळेची तस्ते उचलून, रिक्षाने दवाखान्यात नेऊन आणणारी सून कोणाला दिसत नाही. त्यात तिची मुले आहेत, नवऱ्याचा डबा आहे, सासूचे गुडघे आहेत. 'नीट भरवत नाही' हे वाक्य तिने सहा आठवड्यांत कमावलेले नाही. मला विचाराल तर या रविवारी डबा नेऊच नका. सकाळी लवकर जा, पदर खोचून तिच्या स्वयंपाकघरात शिरा आणि तिला सांगा, "वहिनी, आज तुम्ही तुमच्या माहेरी जाऊन या, नाहीतर नुसत्या झोपा. आज बाबांचं मी बघते." ते कढण, ती चूळ, ती दोन-दोन तासांची घड्याळजी एक दिवस हाताने केलीत की पत्रातला निम्मा राग आपोआप जाईल. आईलाही हलकी कामे द्या. दुधात साय घोटणे, औषधांच्या वेळा वहीत लिहिणे. काही करायला नसले की बायका नुसत्या काळजी करीत बसतात. आणि भाऊ? भावालाही चूळ भरायचे पाणी करता येते. तो आपल्या जन्मदात्याची सेवा करतो आहे, कोणावर उपकार नाही.

पैशाबद्दल पत्रात काही नाही, पण इतर पुष्कळ पत्रांत असते म्हणून थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा, रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर असू द्या. उपचारासाठी रेल्वेने जावे लागत असेल तर रोगी आणि त्याच्या सोबत्याला भाड्यात मोठी सवलत आहे. तिचा फॉर्म दवाखान्यातून भरून, सही-शिक्का घेऊन मिळतो. परळचे टाटा मेमोरियल १९४१ सालापासून आहे आणि अजूनही महाराष्ट्रभरचे लोक तिकडेच धाव घेतात. पण बार्शी, मिरज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालये आहेत. सहा आठवडे रोज जायचे असते, तेव्हा घराजवळ होत असेल तर ते का पाहू नये? मुंबईतच राहावे लागले तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर कितीतरी रोग्यांच्या घरच्यांना आसरा दिला आहे. जागा मिळेलच असे नाही, पण रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करावी.

आणि तीस दिवस संपले की लगेच पेढे वाटायची घाई नको. हे मुद्दाम सांगते, कारण इथे घरोघर निराशा होते. शेवटचा शेक घेतल्यावर आठ-पंधरा दिवस त्रास उलट थोडा वाढतोच. केलेले काम अंगात चालूच राहते. मग हळूहळू तोंड भरते. चव यायला काही महिने लागतात, कोरडेपणा त्याहून लांबतो, म्हणून खिशात पाण्याची लहान बाटली कायमची. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम दिलेला असतो. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि दिवसेंदिवस एकेक वाढवायची. दुखते म्हणून सोडला तर पुढे घास घालायलाही तोंड उघडत नाही. हा व्यायाम नातवावर सोपवा, पट्ट्या मोजायला त्याला मजा येते आणि आजोबांना त्याच्यापुढे माघार घेता येत नाही. पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनीही, दात काढायची वेळ आली तर दाताच्या डॉक्टरांना 'इथे रेडिएशन झाले आहे' हे आधी सांगायचे. त्या हाडाची जखम लवकर भरत नाही. मानेवर किरण पडले असतील तर थायरॉइडची रक्ततपासणीही अधूनमधून करावी लागते, तपासणीच्या तारखा चुकवू नका.

घरातली तंबाखूची डबी तर पहिल्याच दिवशी गेली असेल. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी पुड्या कोपऱ्यावर मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, मुलांच्या खिशांकडे लक्ष असू द्या. आणि खिडकीतली ती मिश्रीची डबी? ती आईची आहे म्हणून कोणी बोलत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तीही त्याच दिवशी बाहेर गेली पाहिजे. गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारा फोड, तोंड कमी उघडणे, यातले काही दोन-तीन आठवडे टिकले तर आईलाही दाखवून आणा.

नळीवाटे द्यायच्या पातळ पदार्थांची प्रमाणे पुष्कळ जणींनी मागितली आहेत. रोग्याच्या वजनाप्रमाणे ती बदलतात, तेव्हा आपल्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडून लिहून घ्यावीत. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते या पत्रांची उत्तरे पुढच्या अंकी.